दोष दाखवा, बक्षीस मिळवा. पण मर्यादा कोणी आखायची?

लंडनच्या पिकॅडिली भागात ब्रामा या प्रसिद्ध कुलूपनिर्मात्यांच्या दुकानाच्या खिडकीत अनेक दशके एक कुलूप मांडून ठेवलेले होते. जो कारागीर हे कुलूप उघडणारे हत्यार तयार करील त्याला २०० गिनी बक्षीस दिले जाईल, अशी पाटी सोबत होती. १८५१ साली लंडनमध्ये भव्य औद्योगिक प्रदर्शन भरले असताना आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने हे आव्हान स्वीकारले. सोळा दिवसांच्या कालावधीत एकूण सुमारे ५१ तास खपून त्याने ते कुलूप उघडले. खरा वाद मात्र त्यानंतर उद्भवला. ज्या परिस्थितीत आणि ज्या साधनांनी हे कुलूप उघडले गेले, ती चोराला कधीच उपलब्ध नसतात. तेव्हा आव्हान खऱ्या अर्थाने जिंकले असे म्हणता येणार नाही, असा निर्मात्यांचा आक्षेप होता. अखेर पंचांनी हॉब्जच्या बाजूने कौल दिला आणि बक्षिसाची रक्कम त्याला मिळाली.

या घटनेला पावणेदोनशे वर्षे होत आली. आज ग्राहकाचा पैसा आणि त्याची खासगी माहिती लोखंडी कुलपांपेक्षा संगणकप्रणालीच्या कुलपांमागे अधिक प्रमाणात असते. ही कुलपे तपासून त्यांतील उणिवा दाखवणाऱ्यांना बक्षीस देण्याची प्रथाही आता चांगलीच रुळली आहे. आणि ब्रामा व हॉब्ज यांच्यात झाला तोच वाद नव्या रूपात पुनःपुन्हा उभा राहतो आहे. काय तपासायचे, किती खोलवर जायचे, मोबदला किती आणि कोणत्या गोष्टींविषयी मौन पाळायचे, या मर्यादा कोणी आणि कशा ठरवायच्या? हा प्रश्न वरकरणी तंत्रज्ञांचा वाटला, तरी ज्याचे खाते, ज्याचा मोबाइल क्रमांक आणि ज्याची बचत त्या कुलपामागे आहे, त्या सामान्य ग्राहकाशी त्याचा थेट संबंध आहे.

बक्षीस योजनेचे स्वरूप

संगणकप्रणालीतील दोषाला ‘बग’ म्हणतात आणि असे दोष कळवणाऱ्यास मोबदला देण्याच्या योजनेला ‘बग बाउंटी’ हे नाव पडले आहे. १९९५ साली नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरच्या चाचणी आवृत्तीसाठी अशी योजना जाहीर केली. २००४ मध्ये मोझिलाने गंभीर दोषासाठी ५०० डॉलर देऊ केले. पुढे गूगलने २०१० मध्ये, फेसबुकने २०११ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये हाच मार्ग धरला. २०१२ साली स्थापन झालेल्या हॅकरवनसारख्या मध्यस्थ संस्थांनी कंपन्या आणि संशोधक यांना एकत्र आणण्याचा व्यवसायच उभा केला. २०१६ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ‘हॅक द पेंटॅगॉन’ या नावाने काही निवडक संकेतस्थळे तपासणीसाठी खुली केली, तेव्हा त्यांत १३८ ग्राह्य दोष आढळले. आपल्याकडे आधार प्राधिकरणानेही २०२२ मध्ये २० निवडक तज्ज्ञांसाठी अशी योजना जाहीर केली.

या योजनांमागचे तत्त्व बँकेत काम करणाऱ्यांना सहज उमगेल. रोकड मोजणारा रोखपाल कितीही प्रामाणिक असला, तरी रोकडीची अचानक तपासणी होतेच. शाखेचे कामकाज कितीही चोख असले, तरी बाहेरचा लेखापरीक्षक येतोच. ज्याने काम केले त्यानेच ते तपासले तर डोळ्यांसमोरची चूकही सुटते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. मात्र लेखापरीक्षक शाखेत येतो तो नेमणुकीचे पत्र घेऊन. त्या पत्रात त्याच्या कामाची व्याप्ती, कालावधी आणि मेहनताना नमूद केलेला असतो. बक्षीस योजनेत असे व्यक्तिगत पत्र नसते. जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातील अनोळखी व्यक्तीला उद्देशून जाहीर केलेली नियमावली हेच तिचे नेमणूकपत्र असते. साहजिकच त्या नियमावलीतील प्रत्येक शब्दाला मोल येते आणि शब्द जेथे अपुरे पडतात, तेथे वाद सुरू होतो.

काय तपासायचे?

वादाचे पहिले मूळ म्हणजे कार्यकक्षा. कोणत्या प्रणाली आणि कोणत्या प्रकारचे दोष बक्षिसास पात्र आहेत, हे कंपनी ठरवते. त्यात गैर काही नाही. पण कार्यकक्षेची रेषा आखताना कंपनीची सोय पाहिली जाते की ग्राहकाला असलेला धोका, हा कळीचा मुद्दा आहे.

संगणकीय खेळांचे ‘स्टीम’ हे दालन चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचे २०१९ मधील प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. व्हॅसिली क्रावेट्स या संशोधकाला स्टीमच्या विंडोज आवृत्तीत एक दोष आढळला. संगणकात कसाबसा शिरकाव केलेला एखादा दुष्ट प्रोग्राम या दोषाच्या आधारे संपूर्ण यंत्रणेचा ताबा मिळवू शकत होता. क्रावेट्सने तो रीतसर कळवला. परंतु असे दोष आमच्या कार्यकक्षेत येत नाहीत, असे सांगून तो फेटाळण्यात आला. हल्लेखोराला आधी ग्राहकाच्या संगणकावर काहीतरी ठेवावे लागत असेल, तर तो दोष धरायचा नाही, असा नियमाचा अर्थ लावला गेला होता. क्रावेट्सने ऑगस्ट २०१९ मध्ये ही माहिती जाहीर केली आणि त्याला कंपनीच्या योजनेतून बाहेर काढण्यात आले. थोड्याच दिवसांत त्याने दुसरा दोष थेट जगापुढे मांडला, कारण कळवण्याचे दार त्याच्यासाठी बंद झाले होते. अखेर त्याचा अहवाल परतवणे ही चूक होती, असे कंपनीने मान्य केले, दोष दुरुस्त केले आणि नियमही बदलले.

दोष ‘कक्षेबाहेर’ आहे असे म्हटल्याने तो नाहीसा होत नाही, हे या प्रकरणातून दिसून येते. तिजोरीच्या तपासणीचे काम दिलेल्या माणसाने मागील दाराची कडी तुटल्याचे सांगितले, तर तुमचे काम तिजोरीपुरते आहे असे उत्तर देता येईल. चोर मात्र ती मर्यादा पाळणार नाही. बक्षीस नाकारण्याचा अधिकार कंपनीला असेल. पण माहिती नाकारण्याची चैन तिला परवडणारी नाही. बक्षिसाची कक्षा मर्यादित असू शकते. माहिती स्वीकारण्याची कक्षा मर्यादित नसावी.

कक्षा आधी स्पष्ट न केल्यास काय होते, ते डीजेआय या ड्रोन बनवणाऱ्या चिनी कंपनीच्या २०१७ मधील प्रकरणात दिसते. कंपनीने ऑगस्टमध्ये १०० ते ३०,००० डॉलरपर्यंतच्या बक्षिसांची घोषणा केली. परंतु तपशीलवार नियम त्या वेळी प्रसिद्ध केलेले नव्हते. केव्हिन फिनिस्टर या संशोधकाने कंपनीचे सर्व्हर योजनेत येतात का, अशी विचारणा केली आणि होकार मिळाल्यावर आपला विस्तृत अहवाल पाठवला. कंपनीच्या गुप्त किल्ल्या सार्वजनिक ठिकाणी उघड्या पडल्याचे त्याला आढळले होते. त्याला ३०,००० डॉलरचे सर्वोच्च बक्षीस देऊ करण्यात आले. त्यानंतर कराराचा मसुदा आला. त्यात संशोधकाच्या बोलण्यावर बंधने होती आणि त्याला कायदेशीर संरक्षण मात्र पुरेसे नव्हते, असे त्याचे म्हणणे होते. बोलणी सुरू असतानाच संगणक गैरवापराच्या अमेरिकन कायद्याचा उल्लेख असलेले पत्रही त्याला मिळाले. त्याने बक्षिसावर पाणी सोडले आणि नोव्हेंबरमध्ये सर्व हकिकत प्रसिद्ध केली. संशोधकाने नेहमीच्या अटी मान्य करण्यास नकार दिला, अशी कंपनीची बाजू होती. दोहोंपैकी कोणाचेही म्हणणे ग्राह्य धरले, तरी एक गोष्ट निर्विवाद आहे. काम पूर्ण झाल्यावर पुढे केलेल्या अटी या अटी राहत नाहीत; त्यांना दबावाचे स्वरूप येते. कर्ज वितरित झाल्यानंतर नवी कलमे दाखवली तर ग्राहकाला जे वाटेल, तेच येथे संशोधकाला वाटले.

किती खोल जायचे?

वादाचे दुसरे मूळ अधिक नाजूक आहे. दार उघडे असल्याचे आढळले, तर ते उघडे आहे एवढेच सांगायचे, की आत जाऊन काय काय हाती लागते तेही पाहायचे?

फेसबुकच्या मालकीच्या इन्स्टाग्रामसंबंधी २०१५ मध्ये असा वाद झाला. वेस्ली वाइनबर्ग या संशोधकाला इन्स्टाग्रामच्या एका अंतर्गत सर्व्हरमध्ये शिरता येण्याजोगा गंभीर दोष सापडला. त्यासाठी त्याला २,५०० डॉलर देऊ करण्यात आले. परंतु तो तेथेच थांबला नाही. त्या सर्व्हरवर मिळालेल्या किल्लीच्या आधारे तो पुढच्या साठवणुकीच्या जागी पोहोचला, तेथे आणखी किल्ल्या मिळाल्या आणि त्यांच्या साहाय्याने इन्स्टाग्रामच्या प्रणालीची अत्यंत संवेदनशील माहिती त्याच्या हाती आली. एका लहानशा दोषातून केवढा अनर्थ होऊ शकतो हे दाखवण्यासाठीच आपण पुढे गेलो, असे त्याचे म्हणणे होते. दोष सिद्ध झाल्यानंतर माहिती बाहेर काढून स्वतःजवळ ठेवणे हे संशोधन नव्हे आणि त्याला आमची अनुमती नव्हती, अशी फेसबुकचे तत्कालीन सुरक्षाप्रमुख अ‍ॅलेक्स स्टॅमोस यांची भूमिका होती. त्यांनी वाइनबर्ग ज्या कंपनीसाठी काम करीत असे तिच्या प्रमुखांना दूरध्वनी केला. संशोधकाला ती आपल्या उपजीविकेला दिलेली धमकी वाटली; स्टॅमोस यांनी तो आरोप अमान्य केला.

येथे दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच हे प्रकरण अभ्यासण्याजोगे ठरते. पुढे न जाता अहवाल दिला तर दोष किरकोळ ठरवून बोळवण होण्याची भीती संशोधकाला असते. पुढे जाऊ दिले तर ग्राहकांच्या माहितीची जबाबदारी आपल्याकडे असताना ती परक्या हाती जाईल, ही भीती कंपनीला असते.

बँकेच्या व्यवहाराशी निकटचे साम्य असणारे प्रकरण मात्र जून २०२४ मधील आहे. क्रॅकन या आभासी चलनाच्या बाजारपेठेला ९ जून रोजी एक गंभीर दोष कळवण्यात आला. ग्राहकाने जमा केलेली रक्कम प्रत्यक्ष वसूल होण्यापूर्वीच ती त्याच्या खात्यात वापरण्यायोग्य दिसावी, असा बदल प्रणालीत नुकताच करण्यात आला होता. जमा पूर्ण न होताही खात्यातील शिल्लक फुगवता येईल, अशी फट त्यातून राहिली. धनादेश वसूल होण्याआधीच त्याची रक्कम काढू दिली तर काय होईल, हे बँकेतील नवख्या लिपिकालाही ठाऊक असते. खात्यातील एकूण शिल्लक आणि वसूल झालेली शिल्लक यांत बँका जो भेद करतात, तो किती मोलाचा आहे, याचे हे आधुनिक उदाहरण म्हणावे लागेल.

क्रॅकनच्या सांगण्यानुसार, एका खात्यात या दोषाचा वापर करून अवघ्या ४ डॉलरची नोंद झाली होती. दोष सिद्ध करण्यास एवढी रक्कम पुरेशी होती. परंतु संबंधित अन्य दोन खात्यांतून सुमारे ३० लाख डॉलर काढून घेण्यात आले. ते ग्राहकांचे नव्हे, तर कंपनीच्या स्वतःच्या निधीतील होते. रक्कम परत मागितली असता ती लगेच मिळाली नाही, तेव्हा हे संशोधन नसून खंडणी आहे, असा जाहीर आरोप कंपनीच्या सुरक्षाप्रमुखांनी १९ जून रोजी केला. त्याच दिवशी सर्टिक ही सुरक्षा क्षेत्रातील कंपनी आपण होऊन पुढे आली. मोठ्या रकमा बाहेर गेल्या तर क्रॅकनची धोक्याची घंटा वाजते की नाही, हे आम्ही तपासत होतो. कित्येक दिवस ती वाजलीच नाही. शिवाय आमच्या कर्मचाऱ्यांना धमकावून हिशेबाशी न जुळणारी रक्कम अपुऱ्या मुदतीत मागण्यात आली, असा प्रत्यारोप तिने केला. दुसऱ्या दिवशी, व्यवहार शुल्काची किरकोळ वजावट होऊन, रक्कम परत मिळाल्याचे क्रॅकनने जाहीर केले.

घंटा वाजते की नाही, हा प्रश्न रास्तच होता. किंबहुना कोणत्याही वित्तसंस्थेने तो स्वतःला वारंवार विचारला पाहिजे. पण तो विचारण्यासाठी मालकाच्या संमतीविना लाखो डॉलर हलवण्याची आवश्यकता नव्हती. चार डॉलरचा पुरावा पुढे ठेवून, पुढील चाचणी करू का, अशी लेखी विचारणा करता आली असती. बँकेत मुखत्यारपत्र घेऊन येणाऱ्याला त्या पत्रात जेवढे लिहिले आहे तेवढेच व्यवहार करता येतात. हेतू कितीही चांगला असला तरी त्यापुढचा व्यवहार बँक मान्य करीत नाही. बक्षीस योजनेची नियमावली हे एका अर्थाने मर्यादित मुखत्यारपत्रच होय.

मर्यादेत राहूनही दोषाचे पूर्ण गांभीर्य पटवता येते, याचे उत्तम उदाहरण भारतीय संशोधकानेच घालून दिले आहे. २०१६ मध्ये आनंद प्रकाश यांच्या लक्षात आले की, फेसबुकच्या चाचणीसाठी असलेल्या संकेतस्थळावर, विसरलेला पासवर्ड बदलताना येणारा सहा अंकी संकेतांक कितीही वेळा चुकवला तरी अडथळा येत नाही. म्हणजे सर्व शक्य अंक एकामागून एक वापरून कोणाचेही खाते उघडता आले असते. त्यांनी हा प्रयोग केला तो स्वतःच्याच खात्यावर. दोष कळवल्यानंतर तो तत्परतेने दुरुस्त झाला आणि त्यांना १५,००० डॉलर मिळाले. एकाही परक्या व्यक्तीचा संदेश उघडला गेला नाही, तरी धोका कोट्यवधी खात्यांना आहे, हे समजण्यात कोणाला अडचण आली नाही.

मोबदला किती?

तिसरे मूळ मोबदल्याचे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे ज्येष्ठ संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ आपल्या ग्रंथांतील चूक प्रथम दाखवून देणाऱ्यास २.५६ डॉलरचा धनादेश पाठवीत असत. अनेकांनी तो न वटवता सन्मानचिन्ह म्हणून जपून ठेवला. २००८ पासून धनादेशांच्या गैरवापराच्या भीतीने त्यांनी खऱ्या धनादेशाऐवजी एका काल्पनिक बँकेचे प्रमाणपत्र देण्यास सुरुवात केली, तरीही त्याची प्रतिष्ठा उणावली नाही.

याउलट २०१३ मध्ये स्वित्झर्लंडमधील एका सुरक्षा कंपनीने याहूच्या प्रणालीतील दोष कळवले, तेव्हा दोषामागे १२.५० डॉलरची सवलत देण्यात आली आणि तीही याहूच्याच दुकानातील टी-शर्ट, पेन यांसारख्या वस्तूंसाठी. त्यावर जगभर टीका झाली. वस्तुतः त्या वेळी याहूची औपचारिक योजनाच नव्हती आणि संबंधित अधिकारी याआधी स्वतःच्या खिशातून टी-शर्ट पाठवीत असत. लवकरच कंपनीने १५० ते १५,००० डॉलरपर्यंतचे बक्षीस देणारे धोरण जाहीर केले. क्नूथ यांचे अडीच डॉलर गौरवास्पद वाटतात आणि याहूचे साडेबारा डॉलर अपमानास्पद, याचे कारण रकमेत नाही. क्नूथ यांनी काय देणार ते आधीच सांगितले होते आणि दिलेला शब्द नेमका पाळला होता. व्याजाचा दर असो वा बक्षिसाचा, तो आधी जाहीर झालेला असला की तक्रारीला जागा उरत नाही.

बक्षीस कोठे संपते, खंडणी कोठे सुरू होते?

आतापर्यंतच्या विवेचनात मर्यादा प्रामुख्याने संशोधकाच्या आल्या. परंतु कंपनीलाही मर्यादा असते. २०१६ च्या अखेरीस उबर कंपनीच्या सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती दोघा जणांनी चोरली आणि पैशांची मागणी केली. कंपनीने त्यांना बक्षीस योजनेच्या मार्गाने १ लाख डॉलर दिले. कोणतीही माहिती नेलेली नाही, असे असत्य विधान असलेल्या गोपनीयतेच्या करारावर त्यांच्या स्वाक्षऱ्या घेतल्या आणि एक वर्ष ही गोष्ट ग्राहकांपासून व नियामकांपासून लपवून ठेवली. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती उघडकीस आली. पुढे कंपनीला अमेरिकेतील राज्यांशी १४ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. तत्कालीन सुरक्षाप्रमुख जो सलिव्हन यांना ऑक्टोबर २०२२ मध्ये ज्यूरीने दोषी ठरवले. मे २०२३ मध्ये त्यांना तीन वर्षांची परिवीक्षा आणि ५०,००० डॉलर दंड अशी शिक्षा झाली.

दोष कळवल्याबद्दल दिले जाते ते बक्षीस. गप्प बसण्यासाठी दिली जाते ती खंडणी. संशोधकाने ती मागितली तरी आणि कंपनीने आपण होऊन दिली तरी तिचे स्वरूप बदलत नाही. आणि दोन्ही प्रसंगी ज्याची माहिती गेली तो ग्राहक मात्र अंधारातच राहतो.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेच्या न्याय खात्याने मे २०२२ मध्ये धोरण जाहीर केले की, सद्भावनेने आणि जनतेस हानी टाळून केलेल्या सुरक्षा संशोधनाबद्दल संगणक गैरवापराच्या कायद्याखाली खटले भरू नयेत. मात्र दोष शोधून मालकाकडून पैसे उकळणे ही सद्भावना नव्हे, असेही त्यात स्पष्ट केले आहे.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या किंवा ताबेदाराच्या अनुमतीविना संगणकप्रणालीत प्रवेश करणे किंवा तेथील माहिती उतरवून घेणे यासाठी भरपाई द्यावी लागू शकते. हेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केले असेल, तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘अनुमती’ हा शब्द येथे निर्णायक आहे. म्हणूनच बक्षीस योजनेतील कार्यकक्षा ही केवळ सूचना नसते. हुशार तरुणाचा गौरव होणार की त्याला चौकशीला सामोरे जावे लागणार, हे तिच्यावर अवलंबून असू शकते. जेथे अशी योजनाच नाही, तेथे आढळलेला दोष संबंधित संस्थेला किंवा ‘सर्ट-इन’ या राष्ट्रीय संस्थेला कळवता येतो. संस्थांवरही बंधने आहेत. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे.

वाद टाळण्याची सूत्रे

वरील प्रकरणे एकत्र पाहिली असता काही सूत्रे हाती लागतात. कार्यकक्षा, मोबदल्याचे दर आणि गोपनीयतेच्या अटी कामापूर्वी प्रसिद्ध व्हाव्यात. नियम पाळणाऱ्यावर कायदेशीर कारवाई होणार नाही, असे अभयवचन लेखी असावे. कक्षेबाहेरचा अहवालही वाचला जावा आणि त्याला मुदतीत उत्तर मिळावे. दोष प्रत्यक्ष कुठवर पोहोचला असता, याचा विचार करून बक्षीस ठरवले, तर स्वतःच आत शिरून ते दाखवण्याचा मोह संशोधकाला होणार नाही. संशोधकानेही कमीत कमी पुराव्यावर थांबावे, परक्याची माहिती जवळ ठेवू नये आणि पुढे जाण्यापूर्वी लेखी अनुमती घ्यावी. दोष जगापुढे मांडण्यापूर्वी दुरुस्तीला वाजवी अवधी द्यावा, हेही ओघाने आलेच.

ग्राहकांसाठी थोडेसे

सामान्य ग्राहक संशोधक नसला, तरी कधी कधी तोच पहिला साक्षीदार ठरतो. बँकेच्या संकेतस्थळावर दुसऱ्याचे खातेउतारे दिसले, खात्यात अनाकलनीय रक्कम जमा झाली किंवा चुकीचा संकेतांक देऊनही व्यवहार पुढे सरकला, तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. तेथेच थांबावे. पुन्हा होते का, हे पाहण्यासाठी प्रयोग करीत बसू नये आणि चुकून जमा झालेली रक्कम खर्च करू नये.

२. दिनांक, वेळ आणि काय दिसले याची नोंद करावी. दुसऱ्याची माहिती उतरवून घेऊ नये आणि कोणालाही पाठवू नये.

३. शाखेला किंवा बँकेच्या अधिकृत तक्रार कक्षाला लेखी कळवून पोच घ्यावी. संदेशातून आलेल्या अनोळखी क्रमांकावर संपर्क साधू नये.

४. तुमच्या खात्यात दोष आढळला आहे, तो सांगण्यासाठी अमुक रक्कम भरा, असे सांगणारी व्यक्ती संशोधक नसते. तिला संकेतांक वा पैसे देऊ नयेत.

कर्मचाऱ्यांसाठीही एक गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. काउंटरवर आलेला ग्राहक ‘तुमच्या यंत्रणेत काहीतरी चुकते आहे’ असे सांगू लागला, की ‘तसे होणे शक्य नाही’ हे उत्तर ओठांवर येते. ते आवरावे. त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून, लिहून घेऊन, ते त्याच दिवशी संबंधित विभागाकडे पाठवावे. व्हॉल्व्हला आपल्या नियमावलीचा आधार होता, तरी शेवटी चूक मान्य करावी लागली. काउंटरवरच्या तोंडी नकाराला तर तेवढाही आधार नसतो.